कोडिंगसाठी कोणतं टूल घ्यावं? 'वेळ वाचतो' हा दावा कसा तपासायचा?

'हे एक टूल वापरा आणि दहापट वेगानं कोड लिहा', अशा अर्थाच्या रील्स आणि पोस्ट सध्या रोज फीडमध्ये येतात. कुणी कर्सरचं कौतुक करतं, कुणी कोपायलटचं, तर कुणी अजूनही विमच कसं भारी आहे ते सांगतं. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि नुकतेच आयटीत लागलेले तरुण खाली कमेंटमध्ये विचारतात, 'यातलं नेमकं कोणतं घ्यायचं?'

प्रश्न साधा आहे, पण उत्तर दिसतं तेवढं सोपं नाही. कारण टूलमुळे वेळ वाचला की नाही, हे खुद्द वापरणाऱ्यालाही नीट सांगता येत नाही. २०२५ मधल्या एका प्रयोगात हेच दिसून आलं.

अमेरिकेतल्या 'मीटर' या ना-नफा संशोधन संस्थेनं १६ अनुभवी डेव्हलपर्सचा अभ्यास केला. त्यांनी आपापल्याच ओपन सोर्स प्रकल्पांमधली एकूण २४६ कामं केली. काही कामांत एआय वापरायला परवानगी होती, काहींत नव्हती. कुठे परवानगी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. सुरुवातीला डेव्हलपर्सचा अंदाज होता, की एआयमुळे वेळ २४ टक्के कमी लागेल. सगळं संपल्यावरही त्यांना वाटत होतं, की साधारण २० टक्के वेळ वाचला. प्रत्यक्ष नोंदी पाहिल्या तेव्हा उलटंच दिसलं. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला होता.

म्हणजे टूल वेगवान वाटणं वेगळं आणि काम लवकर होणं वेगळं. कोणत्याही दोन टूल्सची तुलना करताना हा फरक सतत लक्षात ठेवावा लागतो.

डेव्हलपरचा वेळ जातो कुठे?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, की डेव्हलपर दिवसभर कोड टाइप करतो. प्रत्यक्षात एखाद्या अॅपमध्ये छोटासा बदल करायचा असला, तरी कामाचे बरेच टप्पे असतात. काय हवं आहे ते समजून घ्यायचं, आधी दुसऱ्या कुणी लिहिलेला कोड वाचायचा, बदल करायचा, तो चालवून पाहायचा, काही बिघडलं तर कारण शोधायचं, सहकाऱ्याकडून तपासून घ्यायचं आणि मग तो बदल सर्व्हरवर चढवायचा. यातला टाइप करण्याचा भाग बऱ्याचदा सगळ्यांत छोटा असतो.

एक हिशेब करून पाहू. समजा, आठ तासांच्या दिवसात प्रत्यक्ष कोड लिहिण्यात दोन तास जातात. एखाद्या टूलनं हा वेळ निम्मा केला, तर एक तास वाचला. पूर्ण दिवसाच्या मानानं ही बचत साडेबारा टक्के झाली. 'कोडिंग दुप्पट वेगानं होतं' हा दावा अगदी खरा असला, तरी काम दुप्पट वेगानं झालेलं नसतं. त्यातच नव्या कोडमधल्या चुका शोधायला एक तास जास्त लागला, तर हातात काहीच उरत नाही.

हा मुद्दा नवा नाही. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये 'नो सिल्व्हर बुलेट' हा निबंध लिहिला होता. पुढच्या दहा वर्षांत कोणतंही एकच तंत्र सॉफ्टवेअर बनवण्याचं काम दहापट सोपं करू शकणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. कोड लिहिण्यातल्या अडचणी टूल्सनं कमी होतात. पण नेमकं काय बनवायचं आहे, ते ठरवण्यातली गुंतागुंत तशीच राहते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा.

म्हणून टूल निवडण्याआधी आपला वेळ कोणत्या टप्प्यावर अडतो, ते पाहणं गरजेचं ठरतं.

व्हीएस कोड, इंटेलिजे की विम?

कोड जिथे लिहितात ते सॉफ्टवेअर म्हणजे एडिटर. यात सध्या सर्वाधिक वापर व्हीएस कोडचा आहे. मायक्रोसॉफ्टनं ते २०१५ मध्ये जाहीर केलं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या सर्वेक्षणात सुमारे ७६ टक्के डेव्हलपर्सनी ते वापरत असल्याचं सांगितलं. ते मोफत आहे, तुलनेनं हलकं आहे आणि लागेल त्या भाषेसाठी एक्स्टेन्शन टाकलं की काम सुरू करता येतं.

दुसऱ्या बाजूला जेटब्रेन्स कंपनीचं इंटेलिजे आयडिया आहे. ते २००१ पासून बाजारात आहे आणि जावाच्या कामात त्याचं मोठं नाव आहे. गुगलचा अँड्रॉइड स्टुडिओही त्याच पायावर उभा आहे. अशा सॉफ्टवेअरला आयडीई म्हणतात. ते उघडलं की आधी संपूर्ण प्रकल्प वाचून त्याची सूची तयार करतं. त्यामुळे एखाद्या फंक्शनचं नाव बदललं, तर शेकडो फाइल्समध्ये ते जिथे जिथे वापरलं आहे तिथे बिनचूक बदलतं. एखादं नाव साध्या 'शोधा आणि बदला'नं बदललं, तर तेच नाव असलेल्या दुसऱ्याच गोष्टी बिघडण्याची भीती असते. मोठ्या आणि जुन्या प्रकल्पात ही सोय खूप वेळ वाचवते. पण त्यासाठी मेमरीही भरपूर लागते. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आयडीई, ब्राउझर आणि मोबाइलचा एम्युलेटर एकत्र चालवले, की मशीन रडतखडत चालतं. अशा वेळी महागड्या सबस्क्रिप्शनपेक्षा रॅम वाढवण्यानं जास्त वेळ वाचू शकतो.

तिसरा पर्याय विम. ब्रॅम मूलेनार यांनी त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. यात माउसची गरज पडत नाही, सगळं कीबोर्डवरून होतं. शिकायला वेळ लागतो, पण सर्व्हरवर लॉग-इन करून एखादी फाइल तिथल्या तिथे बदलायची असते, तेव्हा विम किंवा त्याचं मूळ रूप असलेलं व्हीआय बहुतेक ठिकाणी आधीपासून हजर असतं. म्हणून ते रोज वापरायचं नसलं, तरी फाइल उघडणं, बदलणं, सेव्ह करणं आणि बाहेर पडणं एवढं यायला हवं.

या तिघांमधला फरक पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. त्याचं एक कारण म्हणजे मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये खुलं केलेलं लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल. कोडमधली चूक दाखवणं, फंक्शनच्या मूळ जागी नेणं, नाव सुचवणं ही कामं करणारा प्रोग्राम एडिटरपासून वेगळा काढण्यात आला. आता तोच प्रोग्राम व्हीएस कोडला जोडता येतो आणि विमच्या नव्या अवतारालाही, म्हणजे निओविमलाही. त्यामुळे नुसता एडिटर बदलून कामाचा वेग फार वाढेल, अशी अपेक्षा ठेवू नये. हातात बसलेला एडिटर सोडून नवा शिकण्यात काही आठवडे जातात, तेही हिशेबात धरायला हवेत.

गिट: चर्चा कमी, उपयोग जास्त

लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट तयार केलं. लिनक्सच्या टीमला तोवर बिटकीपर नावाचं टूल मोफत वापरायला मिळत होतं. ती सवलत बंद झाली आणि टोरवाल्ड्स यांनी स्वतःचं टूल लिहायला घेतलं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२२ च्या सर्वेक्षणात जवळपास ९४ टक्के डेव्हलपर्स गिट वापरत असल्याचं दिसलं.

गिट काय करतं? कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. कुणी, कधी, काय बदललं ते सांगतं आणि चुकलं तर मागे नेतं. अनेक जण त्यातल्या चार-पाच कमांड पाठ करून थांबतात. वेळ वाचवणाऱ्या सोयी मात्र त्यापुढे आहेत.

उदाहरणार्थ, 'गिट बायसेक्ट'. समजा, महिन्यापूर्वी अॅप नीट चालत होतं आणि आज बिघडलं आहे. मधल्या काळात १,००० बदल झाले आहेत. एकेक बदल तपासत बसलं तर कित्येक दिवस जातील. बायसेक्ट बरोबर मधला बदल तपासायला सांगतं. तो ठीक असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात आहे, नसेल तर आधीच्या अर्ध्यात. दर वेळी अर्धे बदल बाद होत जातात आणि साधारण १० तपासण्यांत नेमका दोषी बदल सापडतो. ही सोय मोफत आहे, कित्येक वर्षांपासून उपलब्ध आहे आणि तिच्यावर रील क्वचितच निघते.

डॉकरचंही तसंच. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य प्रत्येक टीमनं ऐकलेलं असतं. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे प्रोग्राम आणि त्याला लागणारी लायब्ररी, सेटिंग्ज असं सगळं एकाच डब्यात बंद करून दुसऱ्याच्या मशीनवर तसंच चालवता येतं. टीममध्ये नवा माणूस आला, की त्याचा लॅपटॉप तयार करण्यात दोन-तीन दिवस जात असतील, तर तिथे एआयपेक्षा डॉकरचा उपयोग जास्त होतो.

एआय टूल्सचे तीन प्रकार

एआय टूल्सची तुलना करताना अनेकदा गोंधळ होतो, कारण एकाच नावाखाली तीन वेगळी कामं येतात.

पहिलं काम, ओळ पूर्ण करणं. तुम्ही लिहिता लिहिता टूल पुढची ओळ सुचवतं. गिटहब कोपायलटनं २०२१ मध्ये चाचणी आवृत्तीतून ही सोय लोकांपुढे आणली आणि २०२२ मध्ये महिना १० डॉलर दरानं ती सर्वांसाठी खुली केली.

दुसरं काम, प्रश्नोत्तरं. 'हा एरर का येतोय?' किंवा 'हे फंक्शन काय करतं?' असं विचारायचं आणि उत्तर वाचून पुढचं आपण ठरवायचं.

तिसरं काम एजंटचं. एजंट स्वतः फाइल्स उघडतो, बदल करतो, कमांड चालवतो, चूक आली तर पुन्हा प्रयत्न करतो. कर्सर हा व्हीएस कोडच्याच पायावर बनवलेला एडिटर त्यासाठी लोकप्रिय झाला. २०२५ मध्ये क्लॉड कोड आणि जेमिनी सीएलआय ही टर्मिनलमध्ये चालणारी टूल्स आली. कोपायलटमध्येही आता एजंट आहे.

पहिल्या प्रकारात प्रत्येक ओळ माणसाच्या नजरेखालून जाते. तिसऱ्या प्रकारात एकदम वीस फाइल्स बदललेल्या समोर येतात. लिहिण्याचा वेळ वाचतो, पण वाचण्याचा आणि तपासण्याचा वेळ वाढतो. त्यामुळे कोपायलटची ओळ पूर्ण करण्याची सोय आणि कर्सरचा एजंट यांची थेट तुलना करून उपयोग नाही.

अभ्यास काय सांगतात?

एआय टूल्सवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष पहिल्या नजरेत एकमेकांशी भांडताना दिसतात.

गिटहब आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ९५ डेव्हलपर्सना जावास्क्रिप्टमध्ये एक छोटा वेब सर्व्हर लिहायला सांगितलं होतं. कोपायलट वापरणाऱ्यांना सरासरी १ तास ११ मिनिटं लागली, तर न वापरणाऱ्यांना २ तास ४१ मिनिटं. फरक तब्बल ५५ टक्क्यांच्या वर. टूल बनवणाऱ्या कंपनीचेच लोक या अभ्यासात होते, हे मात्र विसरू नये.

मायक्रोसॉफ्ट, अॅक्सेंचर आणि आणखी एका मोठ्या कंपनीतल्या मिळून ४,८६७ डेव्हलपर्सवर झालेल्या प्रयोगांत पूर्ण केलेल्या कामांची संख्या सुमारे २६ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यातही कमी अनुभव असलेल्यांना फायदा जास्त झाला.

मग 'मीटर'च्या प्रयोगात उलटं कसं झालं? कामाचं स्वरूप पाहिलं की उलगडा होतो. पहिल्या प्रयोगात काम नवं, छोटं आणि सुटं होतं. 'मीटर'च्या डेव्हलपर्सना आपला प्रकल्प कित्येक वर्षांपासून माहीत होता, कोड लाखो ओळींचा होता आणि दर्जाचे नियम कडक होते. एआयनं सुचवलेल्या कोडपैकी निम्म्याहून कमी कोड त्यांनी स्वीकारला. बाकीचा वाचून, दुरुस्त करून किंवा टाकून देण्यात वेळ गेला. आपला निष्कर्ष सगळ्या डेव्हलपर्सना लागू करू नका, असं 'मीटर'नंच स्पष्ट केलं होतं. तेव्हाची टूल्स २०२५ च्या सुरुवातीची होती, हेही ध्यानात ठेवायला हवं.

गुगल क्लाउडच्या 'डोरा' गटाचे वार्षिक अहवाल संपूर्ण टीमचं काम पाहतात. २०२४ च्या अहवालानुसार एआयचा वापर २५ टक्क्यांनी वाढला, की सॉफ्टवेअर पोहोचवण्याचा वेग सुमारे दीड टक्क्यानं आणि स्थिरता सुमारे ७.२ टक्क्यांनी घटत असल्याचा अंदाज होता. २०२५ च्या अहवालात वेगाचं चित्र सुधारलं, पण स्थिरतेवरचा वाईट परिणाम कायम राहिला. म्हणजे कोड जास्त तयार होतोय, पण तो तपासणारी यंत्रणा तेवढी तयार नसेल, तर बिघाडही जास्त होतात.

डेव्हलपर्सनाही हे जाणवतं आहे. स्टॅक ओव्हरफ्लोच्या २०२५ च्या सर्वेक्षणात ८४ टक्के जण एआय टूल्स वापरत होते किंवा वापरणार होते. पण त्यांच्या अचूकतेवर विश्वास नसलेले ४६ टक्के होते आणि विश्वास असलेले ३३ टक्के. सर्वांत मोठी तक्रार होती 'जवळपास बरोबर, पण पूर्ण बरोबर नाही' अशा उत्तरांची. पूर्ण चुकलेला कोड लगेच कळतो. जवळपास बरोबर असलेला कोड ग्राहकाच्या हातात गेल्यावर बिघडतो.

खर्च फक्त सबस्क्रिप्शनचा नसतो

महिन्याला १० किंवा २० डॉलर, म्हणजे साधारण नऊशे ते अठराशे रुपये. विद्यार्थ्यासाठी ही रक्कम छोटी नाही. त्यात दर आणि मर्यादा बदलत राहतात. जून २०२५ मध्ये कर्सरनं दराची पद्धत बदलली, अनेकांना अनपेक्षित बिलं आली आणि पुढच्या महिन्यात कंपनीला जाहीर माफी मागून पैसे परत द्यावे लागले. त्यामुळे वर्षभराचे पैसे एकदम भरण्याआधी एक महिना वापरून पाहणं शहाणपणाचं.

दुसरा खर्च गोपनीयतेचा. कंपनीचा कोड बाहेरच्या एआय टूलमध्ये टाकला, की तो कंपनीच्या ताब्याबाहेर जातो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं समोर आलं आणि कंपनीनं अशा टूल्सवर बंदी घातली. हिंजवडी असो की खराडी, परदेशी ग्राहकाच्या प्रकल्पावर काम करताना कोणतं टूल चालेल, ते बऱ्याचदा करारावर ठरतं. स्वतःच्या खात्यावरून गुपचूप वापरलं, तर नोकरी धोक्यात येऊ शकते.

तिसरा खर्च परवानग्यांचा. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी उद्योजक जेसन लेमकिन यांच्या प्रकल्पात रेप्लिट कंपनीच्या एआय एजंटनं, बदल करू नको असं सांगितलेलं असतानाही, चालू डेटाबेस पुसून टाकला. रेप्लिटच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि चाचणीचा आणि चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था आणली. एजंट वापरायचा असेल, तर त्याला खऱ्या डेटाबेसच्या चाव्या देऊ नयेत आणि प्रत्येक टप्प्यावर गिटमध्ये नोंद असावी.

चौथा खर्च शिकणाऱ्यांसाठी सगळ्यांत मोठा आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं लिंक्ड लिस्टचा असाइनमेंट एजंटकडून लिहून घेतला, तर दोन तास वाचतात. पण ते दोन तास चुकत-माकत शिकण्यासाठीच होते. पुढे मुलाखतीत किंवा रात्री सर्व्हर बंद पडल्यावर कोड वाचून चूक शोधावी लागते, तेव्हा ती सवय कामाला येते.

मग तुलना करायची कशी?

'मीटर'ची पद्धत छोट्या प्रमाणात कुणालाही वापरता येते. त्यासाठी एक वही आणि दोन-तीन आठवडे पुरतात.

१. आधी एक आठवडा कोणतंही नवं टूल न घेता वेळ नोंदवा. वाचणं, लिहिणं, चूक शोधणं, वाट पाहणं यात किती किती वेळ गेला ते लिहा.

२. सर्वाधिक वेळ जिथे जातो, त्याच टप्प्यासाठी टूल शोधा. टेस्ट चालायला वीस मिनिटं लागत असतील, तर कोड सुचवणाऱ्या टूलनं तो वेळ कमी होणार नाही.

३. प्रत्येक काम सुरू करण्याआधी नाणं उडवा. छापा आला तर नवं टूल, काटा आला तर नेहमीची पद्धत. नाहीतर सोपी कामं नकळत नव्या टूलकडे जातात आणि ते वेगवान भासतं.

४. काम संपलं असं तेव्हाच माना, जेव्हा रिव्ह्यू होऊन कोड स्वीकारला जाईल. त्यानंतर आठवडाभरात त्यात चूक सापडली, तर तिच्या दुरुस्तीचा वेळही त्याच कामात धरा.

५. किती ओळी लिहिल्या ते मोजू नका. दहा ओळी काढून टाकून काम सोपं करणं हीसुद्धा प्रगतीच असते.

वीस-पंचवीस कामांच्या नोंदींतून शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही. पण रीलमधल्या दाव्यापेक्षा स्वतःच्या कामाची नोंद जास्त भरवशाची असते.

सुरुवात कुठून करावी?

शिकणाऱ्यांसाठी मोफत टूल्स पुरेशी आहेत. व्हीएस कोड आणि गिट यांना पैसे पडत नाहीत. जेटब्रेन्स विद्यार्थ्यांना मोफत परवाना देतं आणि २०२४ पासून वेबस्टॉर्म, रायडर यांसारखी त्याची काही टूल्स अव्यावसायिक वापरासाठीही मोफत झाली आहेत. कोपायलटनंही डिसेंबर २०२४ मध्ये मर्यादित वापराचा मोफत पर्याय सुरू केला. एआयकडून कोड लिहून घेण्याऐवजी आपण लिहिलेल्या कोडमधल्या चुका समजावून घेतल्या, तर वेळही वाचतो आणि शिकणंही होतं.

मोठ्या जावा किंवा अँड्रॉइड प्रकल्पावर काम करणाऱ्यांना आयडीईचा फायदा होतो. सारखे नवे छोटे प्रकल्प, नमुना अॅप्स किंवा अनोळखी भाषेत काम करणाऱ्यांना एआय टूलवर पैसे खर्च करणं परवडू शकतं. जुना, ओळखीचा आणि गुंतागुंतीचा कोड सांभाळणाऱ्यांनी आधी टेस्ट, गिट आणि रिव्ह्यू यांची घडी बसवावी. एजंटनं केलेल्या बदलांतल्या चुका वेळीच पकडायला याच गोष्टी कामी येतात.